वार खाली आहे, पण खरा प्रश्न जुन्या टाक्यांचा

पत्र: मी ३१ वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. पहिला मुलगा चार वर्षांचा, तो सिझेरियनने झाला. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) पुढच्या भिंतीवर, खाली, गर्भपिशवीच्या तोंडापासून १४ मिलिमीटरवर असल्याचं लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तेच अंतर १८ मिलिमीटर आलं, शिवाय 'ग्रेड १' असं लिहिलंय. अंगावरून लाल एकदाही गेलेलं नाही. बीपी ११८/७६, हिमोग्लोबिन ९.६, रक्तगट बी निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणतात, पलंगाच्या पायथ्याला विटा लाव, जिना चढू नकोस आणि कॅल्शियम बंद कर, त्याने वार कडक होते. जाऊबाईंनी ऐकलंय की वार निकामी होणार का ते सांगणारी रक्ततपासणी निघाली आहे. मला आठव्या महिन्यात खंडव्याला माहेरी जायचंय. पुढे काय होणार ते आधी कळू शकतं का?

उत्तर:

ताई, तुम्ही १४ आणि १८ या आकड्यांखाली रेघ ओढली आहे. आमची नजर मात्र 'पुढच्या भिंतीवर' आणि 'सिझेरियन' या दोन शब्दांवर थांबली. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी आधी या जोडीबद्दल बोला, बाकी सगळं नंतर.

सगळं आधी सांगेल अशी एकच तपासणी नाही, कारण वारेच्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. वार तोंडावर येणं सोनोग्राफीत स्वच्छ दिसतं. वार जुन्या वणात रुतली असेल तर तेही बहुतेकदा दिसतं, पण बघणाऱ्याने ते मुद्दाम शोधावं लागतं. बाळाच्या रक्तवाहिन्या तोंडावरून जात असतील तर रंगीत डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावल्यावर कळतं. बीपी चढण्याचा अंदाज काही अंशी येतो. आणि वार अचानक सुटणं कुणालाच आधी सांगता येत नाही.

आता तुमचे १४ आणि १८. वार 'वर सरकते' असं सगळे म्हणतात, पण ती चिकटलेल्या जागेवरून चालत नाही. भाकरी थापताना कडेजवळ लावलेला तीळ आठवा. तीळ भाकरीला चिकटलेलाच असतो, भाकरी पसरते तसं त्याचं कडेपासूनचं अंतर वाढतं. पिशवीचा खालचा भाग विसाव्या आठवड्यात जेमतेम अर्धा सेंटीमीटर असतो, दिवस भरेपर्यंत तो पाच सेंटीमीटरच्या पुढे जातो. शिवाय तोंडाकडच्या, कमी रक्त मिळणाऱ्या बाजूची वारेची कड झिजते आणि वरच्या बाजूला वार वाढते. म्हणून विसाव्या आठवड्यात वार खाली दिसलेल्या दहा जणींपैकी साधारण नऊ जणींची वार शेवटी तोंडापासून दूर गेलेली असते. आधी सिझेरियन झालेल्या बायकांत मात्र ती दूर जाण्याची शक्यता कमी असते. तुमची गणना त्यांच्यात होते.

चार मिलिमीटरच्या फरकावर आनंद किंवा काळजी, दोन्ही करू नका. पोटावरून सोनोग्राफी करताना लघवीची पिशवी भरलेली असते. ती गर्भाशयाच्या खालच्या भागाची पुढची आणि मागची भिंत एकमेकींवर दाबते, त्यामुळे वार असते त्यापेक्षा खाली दिसू शकते. त्या क्षणी तिथला स्नायू आकसलेला असला तरी तसंच होतं. कड आणि तोंड यांतलं अंतर मोजण्याची खरी पद्धत आतून केलेली सोनोग्राफी, म्हणजे टीव्हीएस. लघवी करून मग ती करायची. बारीक प्रोब योनीमार्गात जातो, पिशवीच्या तोंडाच्या आत जात नाही, तोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर अलीकडेच थांबतो. वार खाली असताना आतून सोनोग्राफी केली तर रक्त जाईल, ही भीती घराघरात आहे आणि तिला आधार नाही. बोटाने आतून तपासणं मात्र वेगळं. ते अशा बाईला करूच नये. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे कितीतरी जणी गरजेची सोनोग्राफी टाळतात.

हे मोजमाप वाचायचं कसं? कड तोंडापासून २० मिलिमीटरहून दूर असेल तर वार खाली नाही. २०च्या आत असेल तर 'लो लाइंग', आणि तोंडावर आली असेल तर 'प्रिव्हिया'. ११ ते २० मिलिमीटर अंतर असलेल्यांना दहाच्या आतल्यांपेक्षा रक्तस्रावाचा धोका कमी, म्हणून तिथे प्रसूतीचा मार्ग बाकीची परिस्थिती बघून ठरतो.

आता टाक्यांकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे. सिझेरियनची चीर सहसा पिशवीच्या खालच्या भागात, पुढच्या भिंतीवर, आडवी असते, लघवीच्या पिशवीला अगदी लागून. तुमची वारही पुढे आणि खाली. म्हणजे ती त्या वणावर बसलेली असण्याची शक्यता आहे. एरवी वार आणि पिशवीचा स्नायू यांच्यामध्ये एक मऊ अस्तर असतं. बाळ झाल्यावर वार त्याच अस्तरातून सुटते, जशी पिकल्या फळाची साल सुटावी. वण असलेल्या जागी हे अस्तर पातळ असतं किंवा नसतंच. मग वारेचे तंतू थेट स्नायूत शिरतात, कधी स्नायू पार करून लघवीच्या पिशवीपर्यंत पोचतात. याला डॉक्टर अॅक्रिटा म्हणतात. बाळ झाल्यावर ती ओढून काढायला गेलं की काही मिनिटांत लिटरांच्या हिशोबाने रक्त जातं.

याचा धोका किती? अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, तीस हजारांवर सिझेरियनच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं: वार तोंडावर आलेली असेल आणि पहिलंच सिझेरियन असेल तर शंभरात ३ जणींची वार रुतलेली होती. दुसऱ्या सिझेरियनला ११, तिसऱ्याला ४०. हे आकडे वार तोंडावर आलेल्यांचे आहेत. तुमची तोंडावर नाही, तेव्हा ११ हा आकडा जसाच्या तसा अंगाला लावून घेऊ नका. पण प्रश्न विचारायलाच हवा असा हा आकडा आहे, आणि तुमच्या दोन्ही रिपोर्टांत याबद्दल एक ओळही नाही. रिपोर्टमध्ये नसणं म्हणजे 'पाहिलं आणि ठीक आहे' असं नव्हे. बऱ्याचदा कुणी पाहायला सांगितलेलंच नसतं.

म्हणून बत्तिसाव्या आठवड्याची वाट न बघता, या दोन आठवड्यांत, फीटल मेडिसिनचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासण्यांचं, काम नेहमी करणाऱ्या सोनोलॉजिस्टकडे एकदा जा. इंदुरात अशा तज्ज्ञांची सोय आहे, तुमचे डॉक्टर चिठ्ठी देतील. चिठ्ठीवर 'आधीचं सिझेरियन, पुढची खालची वार, अॅक्रिटाची लक्षणं पाहावीत' एवढं स्पष्ट लिहून घ्या. यासाठी लघवीची पिशवी थोडी भरलेली लागते, कारण तिची भिंत दिसायला हवी. अंतर मोजायची सोनोग्राफी त्यानंतर, लघवी करून. तज्ज्ञ बघतील ते असं: वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेघ टिकून आहे का, वणाजवळ स्नायू एक मिलिमीटरपेक्षा पातळ झालाय का, वारेत वेड्यावाकड्या कडांचे रक्ताचे खळगे आहेत का, लघवीच्या पिशवीची पांढरी रेघ कुठे तुटलीय का, आणि डॉप्लरमध्ये वारेतून पिशवीच्या भिंतीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतात का. यांतलं एखादंच लक्षण दिसलं म्हणून घाबरायचं नाही, काळी रेघ तर निरोगी गर्भारपणातही पुसट होऊ शकते. दोन-तीन एकत्र दिसली की गांभीर्याने घ्यायचं. एमआरआय सरसकट लागत नाही. वार मागच्या भिंतीवर असेल किंवा किती खोल गेलीय याबद्दल शंका असेल तेव्हा त्याचा उपयोग, तुमच्यासारख्या पुढच्या वारेत चांगली सोनोग्राफी पुरते.

शंका पक्की झाली तर काय बदलतं? प्रसूतीची जागा आणि तारीख. अशा बाईचं ऑपरेशन ठरवून, साधारण ३५ ते ३६ आठवडे पूर्ण होण्याच्या सुमारास, मोठ्या रुग्णालयात करतात. तिथे अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ, लघवीमार्गाचे सर्जन, रक्तपेढी आणि नवजात बाळांचं अतिदक्षता कक्ष एका छताखाली असतं. बाळ वारेला न छेडता काढतात, आणि पुष्कळदा पिशवी वारेसकट काढावी लागते. ही गोष्ट ऑपरेशन टेबलावर पहिल्यांदा कळणं आणि दोन महिने आधी कळणं, यांत आईच्या जिवाचा फरक आहे. म्हणून तुमच्या रिपोर्टातल्या त्या न लिहिलेल्या ओळीपाशी आम्ही एवढे अडून बसलो आहोत.

वण मोकळा निघाला तर पुढची टीव्हीएस ३२व्या आठवड्यात. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बघून घ्या, जी फारसं कुणी मागत नाही: नाळ वारेत नेमकी कुठे जोडली आहे आणि तोंडावरून बाळाच्या रक्तवाहिन्या जातात का. वार आधी खाली असून नंतर वर गेली तरी तिचा झिजलेला भाग मागे उघड्या रक्तवाहिन्या ठेवून जाऊ शकतो. पाण्याची पिशवी फुटताना त्या फाटल्या तर जाणारं रक्त बाळाचं असतं. बाळाच्या अंगात किलोमागे जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर रक्त, म्हणजे अडीच किलोच्या बाळाचं सगळं रक्त एका पेल्यात मावेल. हे आधी कळलं तर कळा सुरू होण्यापूर्वी, ३४ ते ३६ आठवड्यांत सिझेरियन करून बाळ सुखरूप काढता येतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गर्भारपणांच्या अभ्यासात, आधी निदान झालेल्यांपैकी ९७ टक्के बाळं वाचली, न झालेल्यांपैकी ४४ टक्के. सोनोग्राफी चालूच असते, तोंडावर डॉप्लर फिरवायला दोन मिनिटं लागतात. मागून घ्या.

३२व्या आठवड्यात कड २० मिलिमीटरच्या पलीकडे गेली, वण मोकळा आणि रक्तवाहिन्या नाहीत, तर वारेपुरता प्रश्न जवळपास मिटला. मग नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येईल का, हे पहिलं सिझेरियन कशासाठी झालं त्यावर ठरेल. ते कागद शोधून ठेवा. आतच राहिली तर ३६व्या आठवड्यात पुन्हा बघायचं. या वेळी पिशवीच्या तोंडाची लांबीही मोजून घ्यावी. वार खाली असताना ३४ आठवड्यांच्या आधी ही लांबी ३ सेंटीमीटरपेक्षा बरीच कमी झाली असेल, तर अवेळी रक्त जाऊन घाईत ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता वाढते. 'पुढे काय होणार' याचा थोडा तरी अंदाज देणारी ही एक साधी मोजपट्टी आहे. प्रिव्हिया असून रक्त गेलेलं नसेल तर सिझेरियनची तारीख सहसा ३६ ते ३७ आठवड्यांत धरतात, अधूनमधून रक्त जात असेल तर त्याआधी.

या सगळ्यात तुमचं ९.६ हिमोग्लोबिन आम्हाला वारेइतकंच खटकतं. वार खाली असलेल्या बाईला किती रक्त जाईल हे आपल्या हातात नाही, ते किती सोसेल हे बऱ्याच अंशी आहे. सरकारी कार्यक्रमाप्रमाणे ७ ते १०.९ हिमोग्लोबिन असेल तर लोहाची, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह असलेली, गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. तुम्ही एकच घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन करा. गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि दूध तिच्या मागेपुढे तासभर नको. कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तास अंतर ठेवा. एकत्र घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. महिन्याने पुन्हा तपासा, एक ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी. तशी दिसली नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल बोला, ३४व्या आठवड्यापर्यंत गोळ्यांच्या भरवशावर बसू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी मोफत होते, तिथेही हिमोग्लोबिन करून मिळतं.

दुसरी गोष्ट तुमच्या रक्तगटाची, आणि ती याच आठवड्यातली आहे. तुमचा गट निगेटिव्ह, यजमानांचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ती आहेत का हे सांगणारी इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी करून ती निगेटिव्ह असेल तर ती तयार होऊ नयेत म्हणून २८व्या आठवड्यात अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घ्यायचं असतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून आठवण. पुढे कधीही अंगावरून रक्त गेलं तर ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डीची गरज आहे का ते विचारायचं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतरही ७२ तासांत.

आपल्याकडे निगेटिव्ह रक्तगट शंभरात साधारण पाच जणांचाच. वार खाली, हिमोग्लोबिन कमी आणि गट बी निगेटिव्ह, ही तिन्ही एका बाईत आल्यावर 'वेळ आली की बघू' चालत नाही. ज्या रुग्णालयात नाव घातलंय तिथे विचारा: रात्री दोन वाजता बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह रक्त किती पिशव्या मिळेल, कुठून येईल आणि यायला किती मिनिटं लागतील? भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतात की घरून येतात? या प्रश्नांवर कुणी रागावलं तर रागावू द्या. घरातले, भाऊबंद, मंडळातले ओळखीचे यांत निगेटिव्ह गटाचे कोण आहेत त्यांची नावं आजच लिहून ठेवा. एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत चौकशी करून ठेवायलाही हरकत नाही.

जाऊबाई म्हणतात ती रक्ततपासणी खरी आहे. तिचं नाव एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर. आजारी वारेतून पहिलं जास्त आणि दुसरं कमी सुटतं. हे गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात बीपी चढून अवयवांवर ताण येण्याचा आजार, होण्याची शक्यता फारच थोडी. ३८च्या वर असेल तर पुढच्या चार आठवड्यांत तो होतो शंभरातल्या साधारण ३७ जणींना. म्हणजे 'नाही' सांगायला ही तपासणी खंबीर, 'हो' सांगायला लंगडी. तीही बीपी चढायला लागलंय, लघवीत प्रथिनं दिसतायत, डोकं दुखतंय अशी शंका असेल तेव्हा करायची. तुमचं बीपी ११८/७६ आहे. आज ती करून पैसे घालवू नका. वार कुठे आहे, रुतली आहे का, सुटेल का, यांतलं काही ती सांगत नाही.

प्रीएक्लॅम्प्सियाचा खरा अंदाज ११ ते १३ आठवड्यांत येतो: बीपी, गर्भाशयाच्या रोहिणीचा डॉप्लर आणि रक्तातलं पीएलजीएफ मिळून. धोका जास्त निघालेल्यांना रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिलं तर ३७ आठवड्यांआधी होणारा हा आजार ६२ टक्क्यांनी घटतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. तुमची ती वेळ गेली आहे. अॅस्पिरिन आता स्वतःहून सुरू करू नका. पण हे वाचणाऱ्या एखाद्या मुलीला आत्ता दुसरा-तिसरा महिना असेल तर तिने जरूर विचारावं.

त्याऐवजी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घरी आणा, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला ठेवून आठवड्यातून दोनदा मोजा आणि वहीत लिहा. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० आलं तर त्याच क्षणी रुग्णालय. डोळ्यांपुढे काजवे, न थांबणारी डोकेदुखी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काही झालं तर मशीनची वाट न बघता निघा.

'ग्रेड १' विसरून जा. ही प्रतवारी १९७९ सालची, वारेत चुन्याचे ठिपके किती दिसतात त्यावरून केलेली. दिवस भरत आल्यावर ग्रेड ३ येणं केस पिकण्याइतकं साहजिक आहे. ३२ आठवड्यांच्या आतच ग्रेड ३ आला तर बाळाची वाढ आणि नाळेचा डॉप्लर बघायचा, बस. बाळ नीट वाढतंय का हे सांगतात पोटाचा घेर, वजनाचा पर्सेंटाइल, गर्भजल आणि नाळेचा डॉप्लर, आणि हे सगळं ३२व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत येईलच.

आणि म्हणून कॅल्शियम बंद करायचं नाही. वारेतले ठिपके गोळीतल्या कॅल्शियमने पडत नाहीत. उलट ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं अशा बायकांना ते दिल्याने प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, हा आपल्या सरकारी कार्यक्रमातलाच डोस. सासूबाईंना हे प्रेमाने सांगा. त्या काळजीपोटीच बोलतात, फक्त जी गोळी वारेच्या आजारावर पहारा ठेवते तिलाच त्यांनी चोर ठरवलंय.

विटांचंही तसंच. पायथा उंच केल्याने वार वर जात नाही. दिवसभर पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका मात्र वाढतो. जिना सावकाश चढा, घरातलं रोजचं काम करा. पाण्याची भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन चढणं, हे टाळा. वार २० मिलिमीटरच्या आत आहे तोवर शरीरसंबंध नको. झोपताना कुशीवर, डावी-उजवी कुठलीही चालेल, उताणं नको. स्कूटरवर मागे बसून पडण्याचा धोका घेऊ नका. गाडीत पट्टा लावा, त्याची खालची पट्टी पोटाच्या खालून मांड्यांवर आणि तिरकी दोन्ही स्तनांमधून. पोटावर आपटणं हे वार अचानक सुटण्याचं एक कारण आहे. चढलेलं बीपी आणि तंबाखू ही दुसरी दोन, मिश्रीही तंबाखूच.

अशी सुटलेली वार सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा दिसतच नाही, म्हणून ती लक्षणांवरूनच ओळखायची. पोट दगडासारखं कडक होतं आणि मोकळं होत नाही, दुखत राहतं, रक्त काळपट असतं किंवा आतच साठून बाहेर थेंबही येत नाही, बाळाची हालचाल मंदावते. खाली असलेल्या वारेचं रक्त याउलट: लालभडक, न दुखता, बऱ्याचदा झोपेतच. पहिल्यांदा थोडं जाऊन थांबतं आणि घरचे निश्चिंत होतात. तसं होऊ नका, पुढचं मोठं असू शकतं. हालचाल कमी वाटली तर कुशीवर पडून दोन तास लक्ष द्या. दहा हालचाली मोजता आल्या नाहीत तर त्याच वेळी रुग्णालय.

लाल दिसलं की पॅड किती भिजतं ते बघत बसायचं नाही. १०८ला फोन, कुशीवर पडून राहायचं, काही खायचं-प्यायचं नाही कारण भूल द्यावी लागू शकते, वापरलेले पॅड पिशवीत घेऊन निघायचं म्हणजे किती गेलं ते डॉक्टरांना दिसेल. कुठल्या रस्त्याने जायचं ते यजमानांनी आधीच ठरवावं. रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या रात्री राजवाड्याच्या बाजूने गाडी निघत नाही. रक्त थांबलं तरी ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होईलसं वाटल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामिथॅसोन देतात, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी. त्यांचा उपयोग पहिल्या दिवसानंतर आठवडाभर सगळ्यात जास्त, म्हणून 'असू द्या' म्हणून उगाच आधी घेऊन ठेवायची नसतात.

राहता राहिलं माहेर. खंडवा सुमारे १३० किलोमीटर. सिमरोलनंतरचा भेरूघाट, पुढे बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल. श्रावणात ओंकारेश्वरच्या गर्दीत या रस्त्याला किती वेळ लागेल ते तुम्ही जाणताच. वाटेत रक्त गेलं तर बी निगेटिव्हची पिशवी बलवाड्याला मिळणार नाही. ३२व्या आठवड्याची टीव्हीएस होईपर्यंत जाऊ नका. तीत कड २० मिलिमीटरच्या पलीकडे, वण मोकळा, तोंडावर रक्तवाहिन्या नाहीत आणि हिमोग्लोबिन ११च्या जवळ असेल तर खुशाल जा, फक्त खंडव्यातल्या डॉक्टरांना आधी भेटून, रक्ताची सोय विचारून. यांतली एक जरी गोष्ट कमी पडली तर इंदुरातच राहा आणि आईंना इकडे बोलवा. थोरल्यालाही आजी इथेच मिळेल, डोहाळजेवणही सुदामानगरातच होईल.

शेवटी एक चिठ्ठी. फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा, तिचा फोटो यजमानांच्या आणि सासूबाईंच्या फोनमध्ये ठेवा, आणि जिथे नेतील तिथे दारातच दाखवा:

'दुसरं गर्भारपण. आधी एक सिझेरियन. वार पुढे, खाली. आतून बोटाने तपासू नये. रक्तगट बी निगेटिव्ह, अँटी-डी दिल्याची तारीख: ____. शेवटचं हिमोग्लोबिन: ____. शेवटच्या टीव्हीएसमध्ये अंतर: ____ मिलिमीटर, वण: ____.'